मेथोट्रेक्सेटचा वार पाकिटावर लिहा

महोदय,

तळहात-तळपायांच्या सोरायसिस या त्वचारोगाने व्यापलेली जागा थोडी, पण टाचेला भेगा पडल्या की चालवत नाही आणि बोटे चिरली की भांडी घासवत नाहीत. मलमांनी भागेनासे झाले की बहुधा मेथोट्रेक्सेट सुरू होते. औषध जुने, स्वस्त आणि गुणकारी. घोळ होतो तो घेण्यात.

ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची, साधारण 7.5 ते 15 मिलिग्रॅम. तिचा त्रास कमी करणारे फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व दुसऱ्या दिवशी. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान नि पिवळ्या, त्यामुळे अदलाबदल होते. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले तर तोंडात फोड येतात, ताप भरतो, पांढऱ्या पेशी घसरतात. जीवही जाऊ शकतो. अशा वेळी गोळी थांबवून थेट रुग्णालय गाठावे. फॉलिनिक ॲसिड हा उतारा जितक्या लवकर मिळेल तितका बरा.

सुरुवातीला रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, कावीळ ब व क आणि क्षय तपासायला हवेत. पुढेही रक्ततपासणी चुकवू नये. दारू घेत असल्यास किंवा गर्भधारणेचा बेत असल्यास हे औषध नको. सर्दी-जुलाबासाठी परस्पर घेतलेले कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक तर सोबत घातकच.

गुण यायला दीड-दोन महिने लागतात. पंधरवड्यात फरक नाही म्हणून डोस वाढवू नये.

औषध दुकानदारांनी पाकिटावर ‘1-0-1’ची (रोज सकाळ-रात्रीची) खूण न करता ठरलेला वार, जसे ‘फक्त रविवारी’, असे ठळक मराठीत लिहावे.

– एक फार्मासिस्ट, सातारा