घोड्याचं भाडं आणि घोड्याची जबाबदारी, दोन्ही गाडी भरायच्या आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहतो, माझी 14 फुटी गाडी आहे आणि गेली अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे घोडे नेतो-आणतो. लग्नाच्या वरातीचे घोडे, रायडिंग शिकवणाऱ्यांचे घोडे, माथेरानवाल्यांचे दस्तुरी नाक्यापर्यंत (त्याच्या पुढे गाड्या जात नाहीत), आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा भरली की तिथून खरेदी केलेले मुंबईपर्यंत. महालक्ष्मीच्या रेसचे घोडे पुण्याला जातात-येतात त्यांचे फ्लोट, म्हणजे घोड्यांसाठीच बनवलेल्या गाड्या, वेगळे असतात, तिथलं सगळं व्यवस्थित ठरलेलं असतं. मी लिहितोय ते आमच्यासारख्या साध्या गाडीवाल्यांबद्दल आणि एक-दोन घोडे पाळणाऱ्या मालकांबद्दल, कारण आमच्यात सगळा व्यवहार फोनवर आणि तोंडी होतो आणि काही झालं की दोघंही बुडतात.

मागच्या यात्रेचंच सांगतो. एका मालकाने तिथे घोडा घेतला, मला फोन केला, दादा मुंबईला आणायचाय, किलोमीटरने किती घेणार? सारंगखेडा ते मुंबई जवळपास 400 किलोमीटर, म्हणजे मला जाऊन-येऊन 800 पडतात कारण जाताना गाडी रिकामीच जाते. माझी गाडी लिटरला साधारण 8 देते, म्हणजे 100 लिटर डिझेल, तेच 9000 रुपये. टोल 3000 च्या आसपास, ड्रायव्हर आणि घोड्याजवळ बसणारा माणूस मिळून 3000. झाले 15000, यात गाडीचा हप्ता नाही, टायर नाही, माझी दोन दिवसांची मजुरी नाही. मी 22000 सांगितले. ते म्हणाले 14000, यात्रेत दुसरा माणूस तेवढ्यात न्यायला तयार आहे. सीझन होता, काहीतरी मिळतंय म्हणून मी हो म्हटलं, ती माझी चूक झाली.

कसारा घाटात पुढच्या ट्रेलरने अचानक ब्रेक मारला, आमचा ड्रायव्हर हळूच होता पण थांबावं तर लागलंच, घोडा मागे बसल्यासारखा झाला आणि उठताना त्याचा मागचा पाय बांबूवर घासून घोट्याच्या वर फाटला. मी टॉर्च धरून बघितलं तर कातडी उलटी होऊन लोंबत होती आणि रबर मॅटवर रक्त, घोडा थरथरत होता पण पाय टेकवत होता. इगतपुरी मागे राहिली होती म्हणून खाली शहापूरला डॉक्टर शोधला, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, जखम लहान असली तरी हे इंजेक्शन चुकवायचं नाही. मालकाने फोनवर पहिलं वाक्य टाकलं, माझा घोडा तीन लाखाचा आहे, भरून दे. भाडं ठरवताना हा तीन लाखाचा आकडा एकदाही निघाला नव्हता. शेवटी डॉक्टरचा खर्च अर्धा-अर्धा झाला आणि त्या फेरीत माझ्या खिशातून पैसे गेले.

नंतर मी एका ओळखीच्या वकिलाकडे बसून कायदा समजून घेतला. 2007 चा रस्ता माल वाहतुकीचा कायदा आहे, त्यात ‘माल’ या शब्दात जनावरंही धरलीत. नोंदणी असलेल्या वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, मालकाने जास्त किंमत लिहून देऊन जास्तीचा दर दिला तरच पुढे. म्हणजे 14000 भाडं असेल तर 1,40,000, घोडा तीन लाखाचा असला तरी. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते. आणि गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स गाडीत भरलेल्या घोड्याला लागू होत नाही, हे कित्येक मालकांना माहीतच नसतं. घोड्याचा विमा वेगळा काढावा लागतो आणि त्यात प्रवासातला धोका लिहिलाय का ते वाचून घ्यावं लागतं. याचा अर्थ गाडीवाल्याने बेफिकीर राहावं असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या ड्रायव्हरने झोपेत गाडी ठोकली तर मीच जबाबदार. पण घोड्याला लाथ मारायची खोड आहे हे लपवून मालकाने गाडीत चढवला आणि शेजारचा घोडा जखमी झाला तर ती भरपाई माझ्याकडे कशी मागता?

भाड्याबद्दल पण तसंच. 1978 चे जनावरं वाहतुकीचे नियम आहेत, घोड्यांसाठी वेग ताशी 35 किलोमीटरपर्यंत, गाडीत सोबत माणूस, घसरू नये म्हणून खाली काहीतरी, दोन घोड्यांच्या मध्ये किमान 8 सेंटीमीटर जाडीचे बांबू. शिवाय मोटार वाहन नियमांत एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा. माझ्या गाडीत त्या हिशोबाने तीनच बसतात. पार्टी म्हणते पाच घाल, भाडं वाटून घेऊ. नाही घालत. 35 च्या वेगाने 400 किलोमीटर म्हणजे नुसती गाडी चालायला साडेअकरा तास, वर पाणी पाजायचे थांबे. मान वर आखूड बांधून ठेवली तर घोड्याला मान खाली घालून नाक झटकता येत नाही, घाण फुफ्फुसात उतरते आणि दोन दिवसांनी ताप चढतो, म्हणून मध्ये थांबून मोकळं करावंच लागतं. किलोमीटरच्या दरात हा वेळ कुठेच येत नाही.

वरातीचं तर विचारूच नका. भांडुप ते ठाणे, जवळ आहे म्हणून 1500 त करा म्हणतात, आणि वरात सातची ती निघते साडेनऊला, घोडी डीजेने बिथरलेली असते, ती परत गाडीत चढायला अर्धा तास. म्हणून मी आता लोकलला कमीत कमी भाडं अर्ध्या दिवसाचं आणि त्यावर तासाचं हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहण्याचे पैसे, घेतो, आधी सांगून घेतो. दोन पार्ट्या गेल्या, बाकी टिकल्या.

आता मी एक साधा कागद करतो. घोड्याची किंमत मालकाच्या अक्षरात, खोड, दुखणं, लस, तब्येतीचा दाखला आहे का, भाडं जाऊन-येऊन धरून, थांबण्याचा दर, वाटेत डॉक्टर लागला तर किती रुपयांपर्यंत मी न विचारता बोलवायचा. चारही पायांचे फोटो चढवताना आणि उतरवताना, दोघांच्या मोबाईलमध्ये. पाच मिनिटं लागतात. काही मालक रागावतात की विश्वास नाही का आमच्यावर. एका म्हाताऱ्या घोडेवाल्या काकांनी मात्र वाचून सही केली आणि म्हणाले, पोरा, माझ्या आधीच्या गाडीवाल्याशी असं लिहिलं असतं तर आमचं बोलणं तुटलं नसतं.

आपल्या पेपरमधून पशुसंवर्धन विभागाला आणि यात्रा भरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की असा एक पानी मराठी नमुना छापून यात्रेत घोडा विकत घेणाऱ्या प्रत्येकाला पावतीसोबत द्यावा, पुढच्या दत्तजयंतीच्या आधी. माझा कागद हवा असेल तर मी आणून देतो.

आपला,
एक घोडे वाहतूकदार, भांडुप, मुंबई