मामा, खुर्ची सध्या घरी नाही

मामा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्हाला कोणी सप्रेम नमस्कार घातला तर तुम्ही आधी मागे वळून बघाल, दुसरं कोण उभं आहे ते.

गेल्या महिन्यात कॉलेजात तुमचा निरोप समारंभ झाला, तेव्हा मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. "मामांनी मला खूप मदत केली" एवढं बोलून मी बसले आणि घरी जाईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले. शाल-नारळ देताना सरांनी "चोख वॉचमन" म्हटलं, मी "खूप मदत" म्हटलं. दोन्हींत तुम्ही कुठेच नव्हतात. तुमची नात म्हणाली, ताई तू लिही, मी आजोबांना फोनवरून वाचून दाखवते. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचताना ती कुठे अडखळली तर तिला ओरडू नका.

तो सप्टेंबरातला दिवस. पाऊस उघडून दोनच दिवस झाले होते आणि कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला अजून हिरवं शेवाळ होतं. तुम्ही सकाळी खराट्याने ते घासत होतात आणि मी जिना उतरत होते. तुम्ही विचारलंत, "उजवा पाय का गो धरून चालतंस?" मी म्हटलं, काही नाही, चप्पल चावते. खोटं बोलले, मामा. महिनाभर नडगी दुखत होती. रात्री बाम चोळायचे, वरून क्रेप बँडेज बांधायचे आणि सरांना कळू नये म्हणून लांब मोजे घालायचे. विभागीय सामन्यांच्या संघातून नाव कापलं जाईल या भीतीने. पुढे डॉक्टर म्हणाले, हाडाला आधीपासून बारीक चीर असेलही, नसेलही, आता सांगता येणार नाही. पण तुम्ही विचारलं होतंत, आणि त्या महिन्यात विचारणारे तुम्ही एकटेच होतात.

त्या दिवशीच्या मॅचच्या दुसऱ्या सत्रात रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटला लागून परत आलेल्या बॉलसाठी, उडी मारली. बॉल हातात आला. खाली येताना पाऊल तिरकं टेकलं आणि वरचं अंग दुसरीकडे फिरलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. बाकी मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. आमच्याकडून सेंटरच्या जागी खेळणारी मुलगी तोंडावर हात धरून किंचाळत होती. समोरच्या संघातली एक मुलगी चक्क खाली बसून उलटी करत होती. नडगीचं हाड कातडीच्या अगदी लगेच खाली असतं, मध्ये मांस नसल्यासारखंच. म्हणून ते मोडलं की सहज बाहेर येतं. माझंही आलं होतं.

कोणीतरी "ओढा, सरळ करा" म्हणत पायाशी आलं. तेवढ्यात फाटकापासून तुमचा आवाज आला, "मेल्यांनो, हात लावू नका! जसा हाय तसा ऱ्हवू दे!" तुम्ही कधी पळताना दिसला नव्हतात. त्या दिवशी एका पायावर झोके घेत पळत आलात.

मग काय केलंत ते मी इथे नीट लिहिते. वाचणाऱ्यांत कोणी मैदानावरचं असेल तर उपयोगी पडेल. हाड आत ढकललं नाहीत. प्रथमोपचाराच्या पेटीतला गॉज उघडून, ओला करून जखमेवर नुसता ठेवलात. हळद नाही, कॉफी नाही, आयोडीनही नाही. क्रिकेटच्या खोलीतून बॅटिंग पॅड आणायला लावलात, तो पायाच्या मागून घातलात आणि ओढण्यांनी गुडघ्याच्या वर, घोट्याजवळ सैलसर बांधलात. बुटाची नाडी सोडवत बसला नाहीत, सरळ कापलीत. बोटं उघडी ठेवलीत आणि दर दोन मिनिटांनी विचारत राहिलात, "बोटा हलव. हलतायत?" एका मैत्रिणीने ग्लुकोजचं पाणी आणलं, ते तुम्ही माझ्या तोंडापासून परत फिरवलंत. "पानी नको, डॉक्टर भूल देतील." १०८ येईपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत होते. तहान फार लागली होती.

हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, हे मला दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात कळलं.

रात्री जखम धुऊन झाली होती. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडाच्या पोकळीत रॉड घालावा लागेल, वर-खाली स्क्रू. 'लोखंड' हा शब्द ऐकला आणि आमच्या आजोबांनी निर्णय घेतला. पोरीच्या अंगात लोखंड घालायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं. गाडी सांगून झाली होती. आई एका कोपऱ्यात रडत होती, बाबा मुंबईहून अजून पोचायचे होते, आणि मी एकोणीस वर्षांची असूनही माझ्या पायाबद्दल मला कोणी विचारत नव्हतं.

तुम्ही ड्युटीवर जायच्या आधी डोकावायला आला होतात. वाद घातला नाहीत. आजोबांसमोरच्या बाकावर बसलात आणि खाकी पँटीचा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतलात. मी खाटेवरून पाहिलं. नडगीवर काळपट, आत ओढलेला खळगा, आणि सगळा पाय खालून बाहेर वळलेला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी असताना जाळं ओढायच्या विंचच्या दोरात सापडलेला पाय. तुमच्याही नडगीचं हाड बाहेर आलं होतं. भोवतीच्या चार जणांनी ते ओढून आत बसवलं, मग पाल्याचा लेप घालून, कामट्या लावून करकचून बांधलं. "तीन वर्सा पू गळत व्हता, बाबानु," एवढंच तुम्ही म्हणालात. "हाड जुळला, पन पाय दोन बोटां आखूड. वैद्य वायट नव्हता. साधा मोडलेला हाड त्यानं कितीकांचा बसवला. ह्यो त्याच्यातला नव्हता."

आजोबा बराच वेळ तुमच्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडीवाल्याला फोन केला. वैद्याचा अपमान न करता तुम्ही आजोबांना उतरायला शिडी दिलीत, हे मला आता कळतं. तुम्ही त्यांना अडाणी म्हटलं असतंत तर ते मला उचलून घेऊन गेले असते.

जाता जाता आईला सांगितलंत, केशरी रेशन कार्ड आणि आधार घेऊन खिडकीवर जा, महात्मा फुले योजनेचं विचारा. आईला ती योजना माहीत नव्हती. ऑपरेशनचं बिल त्यातून गेलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झोपले, उठले, पाय जड होता.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात भावाने मला मोबाइलवर केव्हिन वेअर दाखवला. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधला खेळाडू, लुईव्हिलचा. ३१ मार्च २०१३ रोजी ड्यूकविरुद्धच्या सामन्यात तो लांबून मारलेला तीन पॉइंटांचा शॉट अडवायला उडाला आणि उतरताना त्याची नडगी माझ्यासारखीच मोडली. सोबतचे खेळाडू कोर्टावर रडत होते आणि हा पडल्या पडल्या त्यांना सांगत होता, मॅच जिंका. त्यांनी ती ८५-६३ अशी जिंकली. त्याच रात्री त्याला रॉड बसला. आठवडाभरात त्याचा संघ अटलांटात अंतिम सामनाही जिंकला, हा कुबड्या घेऊन तिथे हजर, आणि जिंकल्यावर बास्केटची जाळी कापायची तिथली रीत, ती त्यालाही कापता यावी म्हणून रिंगच खाली आणली. मी ते दहादा पाहिलं. तुम्ही शहाळी घेऊन आलात तेव्हा तुम्हालाही सगळं रंगवून सांगितलं. तुम्ही मन लावून ऐकलंत आणि विचारलंत, "पन पहिले पंधरा दिस तो संडासला कसा जायचा?"

आई हसली, आणि मग हसता हसता रडायला लागली. कारण आमच्या घरात त्या आठवड्याचा खरा प्रश्न तोच होता. संडास परसात. चिऱ्याच्या चार पायऱ्या, त्यांवर शेवाळ. आत उकिडवं बसायचं. मला एक पाय टेकायची मनाई. मी दोन दिवस जेवणच कमी केलं होतं, म्हणजे जावं लागू नये. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पांढरी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन आलात. बसायच्या जागेला गोल भोक, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी, टोचू नये म्हणून. पायांना जुन्या स्लीपरचे तुकडे ठोकलेले. माझ्या कुबड्यांच्या बुडालाही टायरचं रबर लावलंत, कारण दुकानातल्या टोप्या ओल्या चिऱ्यावर घसरतात. बरं होण्याबद्दल मला पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं, मामा. पण मी पोटभर जेवायला लागले ते त्या खुर्चीमुळे.

चौथ्या महिन्यात एक्स-रे काढला तर हाड हवं तसं धरत नव्हतं. डॉक्टरांनी एक स्क्रू काढला आणि म्हणाले, आता वजन टाकून चाल, हाडावर दाब आला की ते धरेल. मला ते पटेना. मोडलेल्या जागी आधार काढून कसं जमेल? तुम्ही म्हणालात, "धक्क्याला होडी आवळून बांधली तर ओहोटीला लटकतां. दोरीला ढील सोडूची लागतां." डॉक्टरांनी तेच चित्र काढून समजावलं होतं. माझ्या डोक्यात तुमची होडी शिरली.

आणि मग भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू. फिजिओ मॅडमनी व्यायाम शिकवले होते, ते मी घरी करायचे. चालायला मात्र तुम्ही सुरूबनापासून पुढे न्यायचात, ओहोटी साधून. कोरड्या वाळूत पाय रुततो, लाटेच्या कडेला उतार असतो. ओहोटीला मधे जी घट्ट सपाट पट्टी उघडी पडते, ती आपली. मोबाइलवर भरतीची वेळ बघू का, असं विचारलं तर तुम्ही हसलात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमाराला. अष्टमीला सहाला भरती, ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे आपल्याला सुट्टी. पौर्णिमेला संध्याकाळी पाचनंतर. बी.कॉम.ला असूनही मला हे गणित पहिल्यांदा ऐकताना कागद लागला होता. रोज पाऊण तास पुढे सरकणाऱ्या त्या वेळेत तुम्ही तुमची ड्युटी कशी बसवायचात, हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही.

तुम्ही माझ्याकडे बघत नसायचात. मागे वळून वाळूवरचे ठसे बघायचात. "उजवा पाय अजून पाहुन्यासारखा टेकतंस." पाहुण्यासारखा! खोलगट डावा ठसा आणि शेजारी उथळ, बाहेर वळलेला उजवा. आणि त्यांच्याच बाजूने तुमचे, माझ्यासारखेच, फक्त कायमचे. एकदा मी विचारलं, मी परत खेळेन का? तुम्ही म्हणालात, "मला काय म्हाइत? त्या सुरूपरेंत चल." सगळे लोक मला खेळशील, नक्की खेळशील म्हणायचे आणि मला त्यांचा राग यायचा. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, त्याचे वेगळे आभार.

चौदा महिन्यांनी खेळले. शेवटच्या वर्षी, घरच्याच कोर्टावर, मोजून सहा मिनिटं. एक रिबाउंड समोर आला आणि मी उडीच मारली नाही. नुसते हात वर करून उभी राहिले. दुसरा घेतला. वेअरचंही असंच झालं, तो त्याच वर्षी सुरू झालेल्या पुढच्या हंगामात परतला, नडगीला पुन्हा मार बसला, बाहेर बसला, कॉलेज बदललं, आणि मार्च २०१५ मध्ये जॉर्जिया स्टेटकडून त्यांच्या विभागीय स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझं तेवढं काही झालं नाही. माझे दोन पॉइंट. मॅच संपल्यावर तुम्हाला सांगायला फाटकावर धावत आले, तर तुम्ही कोणा पाहुण्या संघाच्या ड्रायव्हरशी गाडी आडवी लावल्याबद्दल भांडत होतात. "बघितलंत का?" म्हटलं तर म्हणालात, "फाटक कोन बघनार? पन धावत आलंस ता बघितला."

रॉड अजून आत आहे. पावसाळ्यात गुडघा पुढून दुखतो, आणि गणपतीत गुडघे टेकून आरतीला बसता येत नाही, उभी राहते.

आता खुर्चीचं. तुमची नात म्हणाली, शेजारच्या काकूंना पडल्यामुळे लागली आहे आणि आजोबा ती खुर्ची विचारत होते. ती आमच्याकडे नाही. आमच्या आजोबांच्या शेवटच्या आजारात ती वापरली, मग खालच्या वाडीत एका बाळंतिणीच्या सासूकडे गेली, तिथून गोळप गावाला, माडावरून पडलेल्या एका दादांकडे. ट्यूबची पट्टी दोनदा बदलली आहे. त्यांना या रविवारी वॉकर मिळतो आहे. मिळाला की भावाच्या बाइकवरून मीच घेऊन येते, दुपारी. त्या दिवशी षष्ठी आहे, म्हणजे ओहोटी साडेदहाला. तेव्हा तुम्ही घरी नसणार.

तुमची,
उजव्या पायाची पोरगी