डब्यातल्या काकूंना, ‘दे’ आणि ‘शी’ समजावून सांगितल्याबद्दल

प्रिय काकू,

तुमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी भायखळ्याला उतरताना तुम्ही मागे वळून हात केलात, आणि मला गर्दीतून दारापर्यंत येताच आलं नाही. बोलायचं होतं ते राहिलं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मराठी माध्यमात शिकून ऑफिसात इंग्रजी मेल लिहिताना हात अडतो अशा पुष्कळ जणी आपल्याच लोकलमध्ये असतात.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आदल्या दिवशी ऑफिसात एक मोठ्या मॅडम येणार होत्या. मी मेल टाकला होता, ‘मॅडम हॅज कन्फर्म्ड. दे विल कम ॲट फोर.’ चार वाजता मॅडम एकट्याच आल्या. टेबलाभोवती सहा खुर्च्या, सहा पाण्याच्या बाटल्या. बाकीचे कुठे आहेत म्हणून सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी डोंबिवलीला चढले तेव्हा तुम्ही कल्याणहून बसून आलेल्या, मांडीवर पिशवी, मटार सोलत होतात. माझा चेहरा बघून सरकलात आणि चौथी सीट दिलीत.

सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘अगं, तू मॅडमना मान दिलास, म्हणून चुकलीस. आपण “त्या येणार आहेत” म्हणतो. मान द्यायचा म्हणजे आपल्याकडे अनेकवचन. इंग्रजीत बाई एकटी असेल तर कितीही मोठी असली तरी “शी”च.’

काकू, त्या एका वाक्यानं माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मला व्याकरण येतच नाही असं दहा वर्षं वाटत होतं. तुम्ही दाखवलंत की मला व्याकरण येतं, फक्त ते मराठीचं आहे.

मग घाटकोपर ते कुर्ला तुम्ही ‘यू’ची गोष्ट सांगितलीत. इंग्रजीतही एके काळी आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं. एकाला ‘दाउ’, अनेकांना ‘यू’. मोठ्या माणसाला मानानं ‘यू’ म्हणायची रीत पडली, ती वाढत गेली, आणि सतराव्या शतकात ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी आजही ‘यू आर’. शाळेत हे ‘यू आर’ मी नुसतं घोकलं होतं. एकाच माणसाला ‘आर’ का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या छोट्या डायरीत मराठीची नऊ मूळ सर्वनामं लिहून दिलीत. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. ‘एवढ्याच घरातून सगळं निघतं,’ म्हणालात. हा-तो म्हणजे धिस-दॅट, कोण-काय म्हणजे हू-व्हॉट, जो म्हणजे वाक्यं जोडणारे हू आणि व्हिच. पुरुषवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी ही नावं पाठ केली होती तेव्हा डोक्यात गोंधळ होता. शेजारी मराठी शब्द आल्यावर तो राहिला नाही. तो-ती-ते मात्र जपून, असं तुम्ही बजावलंत. आपल्याकडे बस ‘ती’ आणि डबा ‘तो’, इंग्रजीत दोन्ही ‘इट’.

‘माय’ आणि ‘माइन’ मी रॅकवरच्या पिशव्यांवर शिकले. दादर जवळ आलं की वरून पिशव्या हातोहात खाली येतात. कोणीतरी ओरडतं, ‘ही कोणाची?’ तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, ‘बॅग शब्द पुढे असेल तर “माय बॅग”. नुसतंच “माझी” म्हणून हात पुढे केलास तर “माइन”.’ मराठीत दोन्हीकडे ‘माझी’च, म्हणून आपण अडखळतो. त्या आठवड्यात रोज मी मनात ‘माइन’ म्हणत पिशवी घेतली. युवर्स, हर्स, अवर्स, देअर्स तसेच बसले.

इंग्रजीतला ‘मी’ (me, म्हणजे ‘मला’) आणि ‘आय’ यांना मात्र वेळ लागला. तुमची खूण सोपी होती. मराठीत ‘ला’ लागला की इंग्रजीत रूप बदलतं. तिला म्हणजे ‘हर’, त्याला म्हणजे ‘हिम’, कोणाला म्हणजे ‘हूम’. पण लगेच सावधही केलंत, ‘मला भूक लागली, मला माहीत आहे, मला आवडतं, इथे फसशील. भूक ज्याला लागली तोच इंग्रजी वाक्याचा कर्ता. “आय ॲम हंग्री. आय नो. आय लाइक इट.”’ ही सूचना मी कुठल्याही क्लासमध्ये ऐकली नव्हती. मराठी बोलणाऱ्याचा पाय कुठे घसरतो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ती सुचेल.

फोनवर मी ‘मायसेल्फ’ म्हणून नाव सांगायचे. तुम्ही सोलता सोलता थांबलात आणि बोटावरची जुनी खूण दाखवलीत. ‘विळीवर माझंच बोट मी कापलं. “आय कट मायसेल्फ.” करणारी मीच आणि जिला झालं तीही मीच, तेव्हा मायसेल्फ. नाव सांगताना “आय ॲम”.’

आणि ‘वुई’. मी एका ग्राहकाला ‘वुई विल मीट ॲट इलेव्हन’ लिहिलं होतं, माझ्या मनात ‘आम्ही’ होतं. तो अकराला हजर झाला, कारण त्यानं ‘आपण’ वाचलं. समोरच्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’, हा आपला भेद इंग्रजी सर्वनामात नाही. तेव्हापासून मी ‘अवर टीम’ लिहिते. मराठीचा हा बारकावा मला आधी कधी जाणवलाच नव्हता.

‘दे’ एकासाठी कधीच नाही, असं मी धरून बसले होते. मग पावसाळ्यात कोणाची तरी छत्री सीटखाली राहिली. तुम्ही म्हणालात, ‘समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला.’ माणूस कोण ते ठाऊक नसलं की एकालाही ‘दे’, आणि ही रीत चौदाव्या शतकापासूनची.

तुमच्याबद्दल मला फार थोडं कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. वडील गिरणीत होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांच्या होतात. दिवसा काम, संध्याकाळी लालबागहून रात्रशाळा. इंग्रजी तिथे एका सरांनी शिकवलं, असंच मराठीचा हात धरून. तुम्ही ते जपून ठेवलंत आणि कुठली ओळख नसताना मला दिलंत, ठाणे ते भायखळा, कधी उभ्यानं, कधी पंख्याखाली घाम पुसत. फी विचारली तेव्हा रागावलात. काकू, मी तुमची फार ऋणी आहे.

आता ऑफिसात नव्या मुली मेल पाठवायच्या आधी माझ्याकडे आणतात. परवा एकीनं लिहिलं होतं, ‘सर आर नॉट इन, दे आर ऑन लीव्ह.’ मी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं.

डायरीची शेवटची दोन पानं कोरी आहेत. ‘व्हिच’ आणि ‘दॅट’ राहिलंय, आणि ‘हूज’चं स्पेलिंग अजून चुकतं. मटार बाजारात आलेत. येत्या रविवारी दोन किलो घेऊन कल्याणला येऊ का?

तुमची,
डोंबिवलीला चढणारी