गार्ड काढलेल्या ग्रासकटरने बेणणी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने उघडीप दिली की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी, म्हणजे माजलेले गवत कापणे, सुरू होते, आणि पूर्वी जिथे कोयते-विळे घेतलेल्या माणसांची रांग दिसे, तिथे आता खांद्याला पट्टा अडकवलेला एकटा गडी ग्रासकटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरते पाते असलेले इंजिनाचे यंत्र, फिरवताना दिसतो. मजूर मिळत नसल्यामुळे या यंत्रावाचून आम्हा बागायतदारांचे चालत नाही. मात्र आपण ते ज्या रीतीने वापरू देतो, त्याबद्दल मला लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बागेत काम करणाऱ्या एका तरुणाच्या डोळ्यात जांभ्याची कपची घुसली. गवत अडकून यंत्र सारखे बंद पडते म्हणून त्याने पात्यामागचा गार्ड, म्हणजे उडणारे खडे अडवणारे आवरण, काढून ठेवला होता. तो काढत असताना मी शेजारीच उभा होतो आणि ‘लवकर आटप’ एवढेच म्हणालो होतो. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी झाली नाही, आणि त्या जखमेचा मोठा वाटा माझ्याकडे जातो असे मी आजही मानतो.

त्यानंतर मी यंत्राची माहितीपुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. या यंत्राचे पाते वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे त्याची डावी कड सतत चालवणाऱ्याच्या पायांकडे येत असते. दहा इंची पाते मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्या कडेचा वेग ताशी २८० किलोमीटरहून अधिक होतो. अशा कडेने उडवलेला खडा आणि माणूस यांच्यामध्ये तो एक गार्डच असतो. पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावून काम करणारे ‘गार्ड काढला की यंत्र हलके चालते’ असे सांगतात, तेही चुकीचे आहे, कारण दोरी बेताच्या लांबीवर छाटणारे लहान पाते त्या गार्डलाच बसवलेले असते; ते गेले की दोरी वाढत जाते, इंजिनावर ताण येतो आणि ते तापते.

पात्याचा पुढचा उजवा भाग त्याहूनही फसवा असतो. कलमाचे खोड, तोडलेल्या झाडाचा खुंट किंवा गडग्याचा (दगडी कुंपणाचा) चिरा त्या भागाला लागला, की संपूर्ण दांडा क्षणात उजवीकडे आणि मागे उसळतो. पट्टा नीट बांधलेला नसेल, किंवा बेणणारा उतारावर एका पायावर तोल सांभाळत असेल, तर तो फटका कुठे बसेल ते सांगता येत नाही. म्हणून पात्याने कापताना उजवीकडून डावीकडे ओढत जावे, आणि खुंट व गडग्यांच्या कडेचे गवत कोयत्याने काढावे. वेळ जातो, जाऊ द्यावा.

यंत्र चालू असताना कोणीही १५ मीटरच्या आत येऊ नये, असे या पुस्तिकांत सांगितलेले असते. आपल्याकडे मात्र मागोमाग गवत गोळा करणाऱ्या बायका चार हातांवर वाकलेल्या असतात, आणि चहा घेऊन आलेले पोर थेट खांद्याला हात लावून हाक मारते. इंजिनाच्या आवाजात चालवणाऱ्याला काही ऐकू येत नाही, तो दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर पातेही वळते. समोरून, त्याला दिसेल असे, लांब उभे राहून हात करावा, एवढे तरी घरच्या सर्वांना शिकवायला हवे. पात्यात वेल गुंडाळली तर इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावरच ती काढावी. नुसता एक्सिलरेटर सोडल्यावरही पाते काही काळ फिरतच राहते.

काहीजण दोरीऐवजी साखळीचे तुकडे किंवा तार लावतात, हे तर ताबडतोब थांबले पाहिजे. सुटलेली कडी बंदुकीच्या गोळीसारखी जाते. युरोपीय संघाने ग्रासकटरसाठीच्या अशा सुट्या धातूच्या जोडण्यांच्या विक्रीवर २०१२ मध्येच बंदी आणण्याचा निर्णय घेतला.

चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा, त्याच्या आत चष्मा, कानांवर आवरण आणि जाड बूट ही सामग्री मजुराने स्वतःच्या रोजातून आणावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. ज्याची बाग, त्याने ती द्यावी, आणि गार्ड नसलेले यंत्र कुंपणाच्या आत येऊ देऊ नये. मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्या शेतमजुरांसाठी या देशात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला. ग्रासकटर चालवणाऱ्याच्या डोळ्यांची काळजीही तितक्याच गांभीर्याने घेतली जावी.

कृषी विभागाला माझी विनंती आहे की, अनुदानावर ग्रासकटर देताना मुखवटा त्यासोबतच द्यावा, आणि बेणणी भाद्रपदात सुरू होण्यापूर्वी, श्रावणातच, प्रत्येक गावात अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्याला केवळ सातबारा नावावर असणाऱ्यांना बोलावू नये; पट्टा ज्यांच्या खांद्यावर असतो, त्यांना त्या दिवसाचा रोज देऊन बोलावावे. माझ्या गावात असे प्रात्यक्षिक होणार असेल, तर माझी बाग आणि माझी दोन्ही यंत्रे त्यासाठी उपलब्ध आहेत.

आपला नम्र,
एक आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी