सिएम रीपला टुकटुक ठरवताना

संपादक महोदय,

कंबोडियातले अंकोर वाट हे देऊळ पाहायला निघालेल्या गोव्यातल्या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : जवळच्या सिएम रीप शहरात दिवसाची टुकटुक, म्हणजे भाड्याची छोटी गाडी, किती डॉलरला पडते? प्रश्न रास्त आहे, पण तेवढेच विचारून गाडी ठरवली की संध्याकाळी वाद ठरलेला. कारण तिथला चालक दिवस मोजत नाही, देवळांची ठरलेली फेरी मोजतो.

छोटी फेरी सुमारे १७ किलोमीटरची. तीत अंकोर वाट, अंकोर थॉममधले बायोन आणि ता प्रोह्म येते. मोठी २६ किलोमीटरची. प्रेआ खान, नेआक पेआन, ता सोम, प्रे रूप अशी. छोटीला साधारण १५ ते २० डॉलर, मोठीला २० ते २५. हा दर अख्ख्या गाडीचा, माणशी नव्हे. सूर्योदय पाहायचा तर पहाटे साडेचारला गाडी दारात हवी, त्याचे तीन-चार डॉलर वेगळे. बान्ते स्राय हे देऊळ शहरापासून पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे पणजीहून मडगाव. ते 'जाता जाता' होत नाही. ऐन वेळी 'तेवढे एक दाखव की' म्हटल्यावर चालकाने आणखी दहा डॉलर मागितले, तर त्याला लूट म्हणू नये. म्हणून आदल्या दिवशीच देवळांची नावे क्रमाने, निघायची आणि परतायची वेळ, माणसे किती आणि एकूण रक्कम असे सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे आणि त्याचा होकार लेखी घ्यावा. दोन डॉलर कमी करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

भाड्यात प्रवेशपास कधीच नसतो. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस वापरता येतो. पासवर आपला फोटो छापतात, त्यामुळे दुसऱ्याचा उरलेला पास स्वस्तात घेण्याच्या फंदात पडू नये. तिकीटघर देवळाच्या दारात नाही; शहरापासून चारेक किलोमीटरवर, वेगळ्या रस्त्याला आहे. ते चालकाला आधी सांगितले नाही तर पहाटेचा अर्धा तास तिथेच जातो आणि सूर्य वर येतो. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर दुसऱ्या दिवसाचा पास काढला की त्याच संध्याकाळी सूर्यास्तही पाहता येतो. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवावा.

गाडी दोन प्रकारची. मोटारसायकलमागे जोडलेला, चौघे समोरासमोर बसतात तो रथासारखा डबा म्हणजे 'रेमोर्क'. दुसरी आपल्याच देशातून गेलेली तीनचाकी रिक्षा. रिक्षा चपळ, पण आत कोंदट आणि छपरामुळे बाहेरचे काही दिसत नाही. दिवसभर फिरायला रेमोर्क बरी. मात्र चार धष्टपुष्ट माणसे बसली की ती कण्हत चालते, तेव्हा बान्ते स्रायसाठी मोटारच घ्यावी. कुलेन डोंगरालाही मोटारच हवी : रस्ता चढाचा, सकाळी फक्त वर आणि दुपारी फक्त खाली, शिवाय तिकीट वेगळे.

सर्वाधिक घोळ होतो तो दारांवरून. ता प्रोह्म आणि प्रेआ खान ही देवळे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. चालक तुम्हाला एका दाराशी सोडतो आणि दुसऱ्या दाराशी जाऊन थांबतो. हे माहीत नसलेली मंडळी आल्या वाटेने परत येतात, गाडी दिसत नाही, मग शिव्याशाप. उतरतानाच कोणत्या दाराशी भेटायचे ते विचारावे आणि डब्याच्या मागच्या बाजूचा, क्रमांकासकट, फोटो काढून ठेवावा. बाहेर उभ्या असलेल्या पन्नास गाड्या सारख्याच दिसतात. आपली गाडी सापडते तेव्हा चालक बहुधा आतच असतो : डब्याच्या दोन खांबांना झोपाळा बांधून, टोपी तोंडावर घेऊन. दुपारच्या झोपेचे महत्त्व गोमंतकीयांना सांगायला नकोच. मार्च-एप्रिलमध्ये तर आपणही अकरा ते तीन हॉटेलात परतावे. मात्र ही जादाची ये-जा भाड्यात धरली आहे का, ते आधी विचारावे.

चालकाला देवळाची माहिती असते, पण आत वाटाड्या म्हणून येण्याची परवानगी त्याला नसते. त्यासाठी परवानाधारक गाइड वेगळा करावा लागतो. समुद्रमंथनाचा ४९ मीटर लांब शिल्पपट घाईत पाहून पुढे जायचे नसेल, तर अंकोर वाटपुरता तरी गाइड करावाच.

रेशमाच्या दुकानात नेण्याचे कमिशन तिथेही असते. आपल्याकडे काजूच्या दुकानांपुढे पर्यटकांच्या गाड्या उगाच थांबत नाहीत, तसेच. 'दुकाने नकोत' एवढे सांगितले तरी पुरते. टोन्ले साप तळ्याकाठच्या गावात शाळेसाठी तांदळाचे पोते विकत घ्यायचा आग्रह झाला, तर मात्र ठाम नकार द्यावा; तीही पर्यटकांकडून पैसे काढायचीच युक्ती.

विमानतळासंबंधीची जुनी माहिती आता निकामी आहे. ऑक्टोबर २०२३ पासून विमाने नव्या विमानतळावर उतरतात. तो शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. सामानासह तिथून रेमोर्क नको; बस किंवा मोटार घ्यावी. स्वस्तात शहरात सोडणारा चालक पुढचे तीन दिवसही स्वतःकडेच मागतो. त्याला लगेच होकार देऊ नये, पहिल्या दिवसाचा अनुभव घेऊन ठरवावे.

पैसे रोज संध्याकाळी द्यावेत, सगळ्या दिवसांचे आगाऊ नव्हे. आणि नोटा इथूनच निवडून न्याव्यात. चालक वीस डॉलरची नोट उजेडात धरतो, कडेवरून नख फिरवतो आणि तांदळाच्या दाण्याएवढी चीर सापडली तरी हसून परत करतो. ती नोट त्याच्याकडूनही पुढे कुणी घेत नाही. एक आणि पाचच्या कोऱ्या नोटा भरपूर ठेवाव्यात. सुटे मिळतात ते रिएल या तिथल्या चलनात, डॉलरला सुमारे चार हजारांच्या हिशेबाने.

– एक वाचक, फोंडा