आबा, त्या 'दोनी लिव'साठी

आदरणीय आबा,
सा. न.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही "ह्यात काय एवढं" म्हणून विषयच उडवला असता. म्हणून हे जाहीर पत्र. नातू वाचून दाखवेलच.

नववीच्या आमच्या मुलांना इतिहासाची साधनं तोंडपाठ आहेत: लिखित, भौतिक, मौखिक. पण नेरूळची आपली शाळा जिथे उभी आहे तिथे आधी काय होतं, ते वर्गात एकालाही सांगता येईना. म्हटलं, तुम्हीच शोधा. मग सुरू झाली फरफट. एका कार्यालयात उत्तर मिळालं, "शाळेचा प्रकल्प ना बाई? नेटवरून चार फोटो काढून चिकटवा." एका जाणकारांनी वेळ दिला, भरभरून बोललेही. पण एका मुलाने "हे कशावरून?" विचारलं आणि त्यांचा पारा चढला. मोठ्यांना असले प्रश्न विचारायला शिकवता का, म्हणे. हो, तेच शिकवते. त्याचाच पगार घेते.

आणि मग तुमची ओटी. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तुम्ही जुना सातबारा, भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल काढलीत आणि सरळ मुलांच्या हातात दिलीत. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, 1970 मध्ये आलं, 95 गावांच्या जमिनी गेल्या, हे मी फळ्यावर लिहिलं होतं. त्यातल्या एका जमिनीला गट नंबर असतो, हे मुलांना तुमच्याकडे कळलं.

खाडीकाठच्या शेताबद्दल तुम्ही सांगत होतात, "आमची दोन एकर खाजन." तेवढ्यात आमची एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली, "पण आबा, इथे तर 1 एकर 22 गुंठेच आहे." माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, झालं, आता इथूनही उठावं लागणार. तुम्ही चष्मा लावून कागद पाहिलात, तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कागद ते बोलतो, मी हे बोलतो. दोनी लिव."

एवढंच. पण त्या दोन शब्दांनी ती पोर जी सुटली! उतारा पुन्हा वाचला तेव्हा तिला खालची ओळ दिसली: पोटखराबा, म्हणजे लागवडीत न धरलेली जमीन, 16 गुंठे. हा खराबा म्हणजे काय, तर तुमचा बांध, त्यातली पाणी सोडायची-अडवायची झडप म्हणजे उघाडी आणि तिच्यापुढची पाण्याची नाळ. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आख्खं गाव जो बांध घालायचं, ज्या उघाडीपाशी तुम्ही चिंबोऱ्या धरायचात, ते सगळं सरकारी हिशेबात 'खराब'. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळालं असतं? एकराचे चाळीस गुंठे धरले तर राहिलेले दोन गुंठे मात्र अजून सापडलेले नाहीत. त्यावरून मुलांची रोज भांडणं होतात, होऊ देत.

जमीन गेलेल्या माणसाच्या शब्दावर चौदा वर्षांच्या पोरीने बोट ठेवलं तर त्याने चिडायला हरकत नव्हती. तुमचा तर हक्कच होता. जमिनींसाठीच्या आंदोलनात जासई-नवघरला जानेवारी 1984 मध्ये पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, ते सांगताना तुमचा आवाज कसा झाला ते मुलांनी ऐकलंय. तरी तुम्ही तिला गप्प बसवलं नाहीत. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, ते मात्र एका 'कशावरून'ने दुखावले.

शाळेत तक्ता लागलाय. एक रकाना 'कागद सांगतो', दुसरा 'आबा सांगतात'. पाहायला आलेल्या एका पाहुण्यांनी दुसऱ्या रकान्याला पुरावा नाही, तो काढा, असं सुचवलं. मुलांनी काढला नाही. उलट तिसरा आखून रिकामा ठेवलाय, तुमच्या शेजारच्या आजींसाठी. लावणी-कापणी जन्मभर त्यांनी केली आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी चढलंच नाही, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. त्यांना विचारून ठेवाल का? रविवारी दुपारनंतर आलो तर चालेल का? आणि हो, या खेपेला वडे तळायला लावू नका घरच्यांना, पंधरा पोरं आहेत.

तुमची,
शाळेतल्या बाई