पेझलीच्या आजींना

प्रिय आजी,

हे पत्र मराठीत आहे. लेक तुम्हाला फोनवर वाचून दाखवील, तुमच्याकडूनच उचललेल्या हेलात. पण स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विमानतळाला खेटून असलेल्या पेझली गावात आम्ही सहा वर्षं कुणाच्या भरवशावर काढली, हे इथल्या लोकांनाही कळू दे, म्हणून चारचौघांत आभार मानतेय.

पहिल्याच आठवड्यात आमच्या दाराला एक पुठ्ठा लटकत होता. जिना धुण्याची पाळी आमची, असं त्यावर लिहिलेलं. मला वाटलं कुणीतरी तक्रार केलीय. मी रडकुंडीला येऊन तुमचं दार वाजवलं, तर तुम्ही बादली घेऊनच बाहेर आलात. त्या सामाईक जिन्याला तुम्ही ‘क्लोज’ म्हणता. मला तो आमच्या वाड्यातल्या जिन्यासारखाच वाटला, फक्त जास्त गार.

खरी ओळख झाली ती डब्यामुळे. माझ्या आजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात भरतकामाच्या अँकरच्या लड्या. लेकीच्या फ्रॉकवर साखळी टाका घालत बसले होते. तुम्ही एक लडी उचललीत, चष्मा कपाळावर सारून कागदी पट्टीवरचा नांगर पाहिलात आणि म्हणालात, “हा आमचा.” मी मनात हसले. लक्ष्मी रोडवरची लडी हिची कशी? मग तुम्ही मला कार्ट नदीच्या काठी, ज्या गिरणीत तुम्ही पंधराव्या वर्षी लागलात तिथे नेलंत. अँकर मिल्स! नेपोलियनने रेशमाची वाट अडवली, तेव्हा मागावर रेशमाच्या जागी चालेल असा सुती दोरा पेझलीच्या क्लार्क घराण्याने काढला, मग तोच शिवणकामाला आला, आणि 1812 मध्ये त्यांची गिरणी उभी राहिली. दोरा लाकडी रिळावर गुंडाळून द्यायचा, रिळाचा अर्धा पेनी जास्त घ्यायचा आणि रिकामं रीळ परत आणलं की तो परत करायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. आमच्याकडे सोड्याच्या बाटलीचं असंच असायचं.

गिरणीतल्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही पोरी ओठांवरून बोलणं ओळखायचात. अजूनही बसमध्ये दूरची बाई काय बोलतेय ते तुम्ही मला सांगायचात. (ते बरोबर असायचं की तुमच्या मनचं, देव जाणे.) 1993 मध्ये पेझलीतलं दोऱ्याचं काम बंद झालं. एका गिरणीत आता फ्लॅट आहेत. “चांगले आहेत, पण खिडकीत कुणी गात नाही,” एवढंच तुम्ही बोललात.

रस्त्यांची नावं तुम्ही मला बाराखडीसारखी घोकायला लावलीत. शटल स्ट्रीट म्हणजे धोट्याची गल्ली. सिल्क, कॉटन, गॉझ. लॉन स्ट्रीटवर मी हिरवळ शोधत होते, ते तर तलम कापड निघालं.

आणि आपलं ते भांडण आठवतंय? इंग्रजीत तुमच्या गावाचं नाव आमच्या कोयरीला का, म्हणून मी तावातावाने आमची चांदीची हळदीकुंकवाची कोयरी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही ती फिरवून पाहिलीत आणि शांतपणे म्हणालात, “काश्मीरच्या शालींवरून उचलली. आम्ही पाइन म्हणायचो, पेझली नाव जगाने दिलं.” एवढ्या सरळ कबुलीपुढे काय बोलणार? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तुमच्या विणकरांनी ती नक्षी विणली. मग 1870 च्या सुमाराला बायकांच्या झग्यांना मागे फुगवटा आला, त्यावर शाल नीट बसेना, आणि धंदा बसला. फॅशनपायी विणकर उपाशी!

जुलैच्या पहिल्या शनिवारी तुम्ही मला स्मॉ शॉटच्या मिरवणुकीत उभं केलंत. शालीचे रंगीत धागे धरून ठेवणारा बारीक सुती बाणा म्हणजे स्मॉ शॉट. तो दिसत नाही, म्हणून मालक त्याचे पैसे देत नव्हते. न घालावा तर शाल उसवते, म्हणजे विणकरानेच पदरचा घालायचा. 1856 मध्ये विणकर जिंकले. पुढे पेझलीतल्याच चार्ल्स्टन भागाचा ढोल, मागे ‘कॉर्क’ म्हणजे मालकाचा पुतळा आणि शेवटी त्याचं दहन. माझं सासर नागपूरचं, मला मारबतच आठवली. पुतळा पेटला तेव्हा तुम्ही दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारलीत. वय वर्षं ऐंशी!

एकाच जागी तुम्ही कधी बोलला नाहीत, ग्लेन सिनेमाच्या इमारतीसमोर. 31 डिसेंबर 1929, मुलांचा दुपारचा खेळ. फिल्मच्या डब्यातून धूर निघाला, पोरं दाराकडे धावली आणि बाहेरची लोखंडी जाळी बंद होती. चेंगराचेंगरीत 71 मुलं गेली. हे मी नंतर वाचलं. तुम्ही तिथे फक्त माझ्या लेकीचा हात धरलात आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाहीत.

परवा लक्ष्मी रोडवर गेले होते. दुकानदाराला म्हटलं, या दोऱ्याचं गाव पेझली, मी तिथे सहा वर्षं राहिले. तो म्हणाला, “असं का? नंबर सांगा, ताई.”

तुमच्या उशीच्या अभ्र्यावरची कोयरी हिरव्यासाठी अडली होती ना? चार लड्या घेतल्यात. सोमवारी पार्सल टाकते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची